वीस नखांची गोष्ट

लग्नसराई तोंडावर आली की भिवंडीच्या तीन बत्ती बाजारात कटलरीच्या दुकानांपुढे आपल्या मुली-सुनांची गर्दी होते. बांगड्या, टिकल्या, पिना घेऊन झाल्या की हात आपसूक नेलपॉलिशच्या बाटल्यांकडे वळतो. एक बाटली उघडून एका नखावर रंग लावून पाहायचा, दुसरी उघडून दुसऱ्या नखावर. घरी येईपर्यंत पाच बोटांवर पाच रंग! मग सासूबाई विचारतात, "हात कामाला आहेत की नटायला?" सून गप्प बसते. वस्तीत घरोघरी ऐकू येणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे म्हणून आम्ही नखांचा इतिहास चाळू लागलो, आणि चाळता चाळता थेट भगवान बुद्धांच्या काळात जाऊन पोहोचलो.

मॅनिक्युअर हा शब्द लॅटिन भाषेतला. 'मानुस' म्हणजे हात आणि 'कुरा' म्हणजे निगा. पायांची निगा ती पेडिक्युअर. शब्द परका असला तरी काम परके नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात नखांवर एक छोटे प्रकरणच आहे. आपल्या विहारात धम्मचक्र प्रवर्तनाची कथा नेहमी सांगितली जाते, ही नखांची कथा सहसा कोणी सांगत नाही. म्हणून ती येथे सविस्तर देतो.

एक भिक्खू लांब नखे वाढवून भिक्षेला फिरत असे. वाटेत एका स्त्रीने त्याच्याकडे नको ती मागणी केली. त्याने नकार दिला. तेव्हा तिने स्वतःच्याच नखांनी अंग ओरबाडून घेतले आणि या भिक्खूने माझ्यावर हात टाकला म्हणून आरडाओरडा केला. लोक धावले, त्यांनी भिक्खूला धरले. पण त्यांचे लक्ष त्या स्त्रीच्या नखांकडे गेले. कातडी आणि रक्त तिच्याच नखांत होते. लोकांनी भिक्खूला सोडून दिले. त्याने ही हकिगत इतर भिक्खूंना सांगितली तेव्हा त्यांनी त्याला विचारले, पण तुम्ही एवढी लांब नखे ठेवता? ही गोष्ट बुद्धांच्या कानावर गेली आणि भिक्खूंनी लांब नखे ठेवू नयेत असा नियम झाला. स्त्रीला दोष देणारी कथा म्हणून कोणी हिच्याकडे बोट दाखवील. आम्हाला मात्र तीतले गावकरी आवडले. आरोप झाला म्हणून हाणामारी न करता त्यांनी आधी नखे पाहिली!

नियम झाला, पण नखे कापायची कशाने? भिक्खू नखाने नख तोडू लागले, दातांनी कुरतडू लागले, भिंतीवर घासू लागले. बोटे दुखायला लागली. तेव्हा बुद्धांनी नख कापायचे हत्यार बाळगायला परवानगी दिली. मग काहींनी रक्त येईपर्यंत नखे कापली. त्यावर सांगितले गेले, मांसाच्या पातळीइतकेच नख कापा. पुढे 'छब्बग्गिय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सहा खोडकर भिक्खूंच्या टोळीने हातापायांची वीसच्या वीस नखे घासून चकचकीत करून घेतली. लोक कुरकुरले की हे तर चैन करणाऱ्या गृहस्थांसारखे झाले. तेव्हा नखांना चकाकी आणू नये, फक्त त्यातला मळ काढावा, असा शेवटचा नियम झाला.

हा नियम चीवर घातलेल्यांसाठी आहे, संसारी माणसांसाठी नाही, हे लक्षात घ्यावे. उलट यातून कळते ते असे की त्या काळात आपल्या देशातली खाऊनपिऊन सुखी माणसे वीसही नखे घासून घेत होती. म्हणजे ज्याला आज पार्लरमध्ये पैसे मोजतो ते काम तेव्हाही कोणीतरी कोणाचे तरी करत होता. तो कोण? न्हावी. आणि येथे इतिहासाची गंमत पाहा. हा विनय पहिल्या संगीतीत राजगृहाला म्हणून दाखवला तो स्थविर उपालीने. उपाली हा मूळचा कपिलवस्तूच्या शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा आपला अभिमान गळावा म्हणून त्यांनीच विनंती केली की उपालीला आमच्या आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याच्या पाया पडावे लागेल. ज्या हाताने राजपुत्रांची नखे कापली त्याच्यापुढे राजपुत्र वाकले. नखे किती कापावीत हे संघाला त्याच उपालीच्या तोंडून कळले.

नराणी कोणासाठी?

महाराष्ट्रातल्या गावगाड्यात न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, आरसा यांच्या जोडीला नराणी असायची. नराणी म्हणजे नखे काढायचे छोटे धारदार हत्यार. पोरांना हा शब्द आता माहीत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. न्हावी घरोघर जाऊन पाटलाची, कुलकर्ण्याची नखे काढून देई आणि बलुते घेई. आपल्या वाड्याकडे मात्र ती धोकटी वळत नसे. जनावराची लोकर कातरायला हरकत नव्हती, माणसाच्या केसांना हात लावायला होती.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत साताऱ्याचे बालपण सांगितले आहे. ही पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली छापली. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही, आणि त्याचे पैसे देण्याची ऐपत नव्हती असेही नाही. पण एकही न्हावी अस्पृश्याच्या मुलाचे केस कापायला तयार नव्हता. म्हणून घरातल्या थोरल्या बहिणीने हे काम हाती घेतले आणि भावंडांचे केस कापून कापून ती त्यात चांगली तरबेज झाली. भावंडांची नखे तिनेच काढली की नाही हे त्यांनी लिहिलेले नाही. पण आपल्या घराघरांत आई, आजी, आत्या यांनी ब्लेडच्या तुकड्याने पोरांची नखे काढली, ती हौसेने नव्हे. बाहेर आपला हात हातात घेणारा कोणी नव्हता म्हणून.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषद झाली तेव्हा बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे गुडघ्याच्या वर नेसण्याची पद्धत, कोपरापर्यंत चढवलेले कथला-पितळेचे दागिने, या सगळ्यावरून तुमची जात लांबून ओळखू येते, ते टाकून द्या, स्वच्छ राहा, असा त्यांच्या सांगण्याचा सारांश होता. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हजारो स्त्रियांपुढे त्यांनी पुन्हा स्वच्छतेपासूनच सुरुवात केली आणि शिक्षणावर भर दिला. अंगावर काय घालावे, हात कसे ठेवावेत हा विषय त्यांना क्षुल्लक वाटला नाही. कारण दुसऱ्यांनी ठरवून दिलेला वेश अंगावरून उतरवणे हेही चळवळीचेच काम होते. नेलपॉलिश लावलेल्या सुनेला हिणवणाऱ्या सासूबाईंनी हे जरूर आठवावे. तसेच हेही आठवावे की त्यांनी दागिन्यांच्या सोसाविषयी सावध केले होते. सुनेनेही ते विसरू नये!

हात आणि सूत

भिवंडी हे मागांचे गाव. येथे बोटांवाचून पोट भरत नाही. कांडी भरताना सुताने बोटाच्या पेरावर रेघ पडते. तुटलेली तार शोधून गाठ मारायची तर नखाच्या टोकानेच ती उचलावी लागते. नख फार वाढले तर सूत अडकते, पार कापले तर तार हाताला लागत नाही. घरी धागा कटिंगचे गठ्ठे आणणाऱ्या बायकांना विचारा, त्यांना नखाचे नेमके माप ठाऊक असते. अलीकडे अंजूर फाट्याच्या, मानकोलीच्या बाजूला गोदामे उभी राहिली. तेथे पॅकिंगला जाणाऱ्या मुलींची नखे खोक्यावरच्या चिकटपट्टीने तुटतात. मागावर किंवा गॅरेजात काम करणाऱ्या पुरुषांच्या नखांच्या कडांत काळे तेल बसते, ते रविवारीही निघत नाही.

सुताच्या आणि हाताच्या या नात्यात जातही शिरली होती. मुंबईच्या गिरण्यांत साचेखाते म्हणजे विणाईचे खाते. तेथे पगार जास्त, पण आपल्या लोकांना तेथे घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाविरुद्ध एक होणारे कामगार धोट्यापाशी मात्र वेगळे होत होते. आज भिवंडीत मागावर उभ्या असलेल्या आपल्या पोराला ही गोष्ट सांगितली तर त्याला ती खरी वाटत नाही. सांगितली मात्र पाहिजे.

आता नेलपॉलिशच्या बाटलीत काय असते ते पाहू. वाचक भगिनींना आश्चर्य वाटेल, पण तिचा मुख्य पदार्थ कापसाच्या जातीचाच आहे. कापसाच्या तंतूवर नत्राम्ल आणि गंधकाम्ल यांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला १८४६ साली ते सापडले आणि त्याचा पहिला उपयोग झाला बंदुकीच्या दारूसाठी! पुढे त्याच जातीच्या पदार्थापासून सिनेमाची फिल्म बनली. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' असल्याच फिल्मवरचा. १९२० च्या दशकात त्यापासून मोटारींना लावायचा भराभर वाळणारा रंग निघाला. तशाच रंगाने अमेरिकन बायकांची नखे रंगू लागली. १९३२ साली तेथे रेव्हलॉन कंपनी निघाली ती फक्त नखांचा दाट रंग विकण्यासाठी. म्हणजे बंदूक, सिनेमा, मोटार आणि बाईचे नख, सगळे एकाच कापसाच्या गोत्रातले. पातळ करण्यासाठी त्यात इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट अशी द्रव्ये घालतात. ती उडून जातात तेव्हा तो उग्र वास येतो आणि मागे रंगाचा पातळ पापुद्रा राहतो. म्हणूनच पेटत्या स्टोव्हजवळ किंवा गॅसपाशी बसून नेलपॉलिश लावू नये, आणि रंग काढायचे अ‍ॅसिटोन तर मुळीच उघडे ठेवू नये. एका खोलीच्या घरात हे पथ्य कठीण आहे याची आम्हाला कल्पना आहे. पण दार उघडून उंबऱ्यात बसता येते.

आपल्याकडे ही बाटली घराघरांत आणली ती लॅक्मेने. १९५२ साली टाटांनी मुंबईत ही कंपनी काढली. परदेशी सौंदर्यप्रसाधनांवर देशाचे परकीय चलन खर्च होऊ नये हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. लॅक्मे हे एका फ्रेंच संगीत नाटकाचे नाव, आणि ते नाव म्हणजे आपल्या 'लक्ष्मी'चाच फ्रेंच उच्चार. सिमोन टाटा १९६१ साली संचालक मंडळावर आल्या आणि त्यांनी ही कंपनी नावारूपाला आणली. १९९८ पर्यंत ती हिंदुस्थान लिव्हरकडे गेली. त्याआधी १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी जगातल्या सौंदर्यस्पर्धा जिंकल्या आणि गल्लोगल्ली ब्युटी पार्लरच्या पाट्या लागल्या. भिवंडीही त्याला अपवाद राहिली नाही.

बाटलीच्या आधी मेंदी होतीच. आपल्या शेजारच्या मुस्लिम मोहल्ल्यात चाँदरातीला बायका बोटांची टोकेही मेंदीने रंगवतात. अनेकींना नेलपॉलिशपेक्षा मेंदी बरी वाटते, कारण पॉलिशच्या थराखाली वजूचे पाणी नखाला लागत नाही. शास्त्रही मेंदीच्या बाजूचे आहे. मेंदीतला रंग नखातल्या केराटिनला धरून बसतो, पापुद्र्यासारखा सुटत नाही. नख वाढेल तसा तो पुढे सरकतो आणि कापला जातो. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला जवळजवळ सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याला एक वर्ष किंवा त्याहून जास्त.

नख न कापता वाढू दिले तर? पुण्याच्या श्रीधर चिल्लाळ यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखे कापली नाहीत. ११ जुलै २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये ती कापली तेव्हा पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली. गिनेस बुकात नाव झाले, पण तो हात कायमचा निकामी झाला. असल्या विक्रमाचे आम्हाला कौतुक वाटत नाही.

पार्लरमधल्या मुली

आपल्या वस्तीतल्या काही मुली आता हे काम शिकल्या आहेत. त्यातली एक आम्हाला सांगत होती, "काकू, बाई पाय माझ्या मांडीवर ठेवते, मी नखे घासते, टाचा घासते. सगळं नीट चाललेलं असतं. मग ती विचारते, तुझं आडनाव काय?" तिने आडनाव सांगितले. त्या बाईने पाय काढून घेतला नाही, पण पुढच्या वेळी दुसऱ्या मुलीला मागितले. पार्लरच्या मालकिणीने मुलीला सल्ला दिला की नुसते नाव सांगत जा. मुलीने तो मानला नाही. ती पूर्ण नाव सांगते, आणि तिची दुसरी गिऱ्हाइके तिलाच शोधत येतात, कारण तिचा हात हलका आहे. साताऱ्याच्या न्हाव्याला आमच्या डोक्याला हात लावायचा नव्हता, येथे आमच्या मुलीने हात लावू नये असे वाटणारी बाई आहे. शंभराहून अधिक वर्षांत नकार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला, एवढाच फरक!

तरीही या धंद्याकडे पाठ फिरवावी असे आम्हाला वाटत नाही. १९७५ साली व्हिएतनामच्या युद्धातून पळालेल्या वीस स्त्रियांना कॅलिफोर्नियातल्या निर्वासित छावणीत टिपी हेड्रन या नटीने नखे रंगवण्याचे काम शिकवण्याची सोय केली. छावणीत आलेल्या नटीची रंगवलेली नखे त्या बायकांना आवडली होती, एवढे निमित्त. त्यातून पुढे अमेरिकेतला नखांचा धंदा मोठ्या प्रमाणावर व्हिएतनामी कुटुंबांच्या हाती आला. भाषा येत नव्हती, भांडवल नव्हते, पण दुकाने त्यांच्या मालकीची झाली. दुसरी बाजूही आहे. मे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तेथल्या नेल सलूनमधल्या कामगार स्त्रियांची तुटपुंजी मजुरी आणि दिवसभर नाकात जाणारी रसायने यांवर लेखमाला छापली, तेव्हा सरकारला हालचाल करावी लागली. फॉर्मल्डिहाइड, टोल्युइन आणि डायब्युटाइल थॅलेट ही तीन द्रव्ये विशेष बदनाम आहेत. गिऱ्हाइकाला महिन्यातून एकदा वास येतो, काम करणारीला रोज दहा तास. आपल्या मुलींनी खिडकी आणि पंखा असलेल्या जागीच काम धरावे, आणि पगार किती, सुट्टी कोणती, हे आधी विचारून घ्यावे. आयटीआयमध्ये बेसिक कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. जवळच्या कोणत्या संस्थेत तो चालतो याची प्रवेशाच्या वेळी चौकशी करावी. सरकारी प्रमाणपत्र हातात असले की स्वतःचे दुकान टाकताना कर्जाची गोष्टही बोलता येते.

नखे बोलतात

नख हा आरोग्याचा आरसाही आहे. नखे पांढुरकी पडली, चमच्यासारखी खोलगट झाली तर रक्तात लोह कमी असण्याचा संभव असतो, आणि आपल्या बायकांत ही तक्रार फार. बोटांची टोके फुगून नखे पोपटाच्या चोचीसारखी वळली तर छातीची किंवा हृदयाची तपासणी करून घ्यावी. मागाच्या धुळीत आयुष्य काढलेल्यांनी तर नक्कीच. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर नेलपॉलिश काढायला लावतात ते उगाच नव्हे. त्यांना नखाचा खरा रंग पाहायचा असतो आणि बोटाला लावायचे यंत्रही नीट चालावे लागते.

बुलढाणा जिल्ह्यातली हकिगत पाहा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, काही दिवसांत टक्कल पडू लागले. एप्रिल २०२५ मध्ये त्यातल्या काहींची नखे वाकडी होऊन गळायला लागली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. गरिबाच्या ताटात काय पडते ते गरिबाच्या नखांत दिसते. ही बातमी चार दिवस छापून आली आणि मागे पडली. ज्यांची नखे गेली त्यांनी मात्र पुढचे सहा महिने रोज ती पाहिली असतील.

संध्याकाळी नखे कापू नयेत, शनिवारी कापू नयेत, घरात पडली तर भांडण होते, कोणी करणी करते, असे अजून काही घरांत बोलले जाते. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात ब्लेडने बोट कापू नये, एवढाच संध्याकाळच्या बंदीत अर्थ होता. आता घरात ट्यूबलाइट आहे आणि नेलकटर आहे. कामावरून सुटका मिळेल तेव्हा कापावीत, तुकडे कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकावेत.

घरच्या घरी निगा ठेवायला पार्लर लागत नाही. रविवारी कपडे धुऊन झाले की हात तसेही भिजलेले असतात, नखे मऊ झालेली असतात, तीच वेळ चांगली. नसता कोमट पाण्यात दहा मिनिटे हात ठेवावेत. पायांची नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कापले की नख मांसात घुसते आणि नखुरडे होते. नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू नये, तीच जंतूंना आत येऊ देत नाही. तेलाने काळी झालेली नखे रॉकेलने धुऊ नयेत, कातडी फाटते. आधी खोबरेल तेल चोळावे, मग साबण आणि जुना टूथब्रश. धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या भगिनींनी रात्री हात कोरडे करून नखांच्या कडांना तेल लावावे, ओल राहिली की बुरशी धरते. लहान मुलांची नखे आठवड्यातून एकदा कापावीत, नखांतल्या मळातून जंतांची अंडी पोटात जातात. आणि घरातले नेलकटर दुसऱ्याला देण्याआधी उकळत्या पाण्यातून काढावे. नेलपॉलिश घेताना बाटलीवर कंपनीचे नाव, बॅच नंबर आणि वापरण्याची मुदत छापलेली आहे का ते पाहावे. तीन बत्तीला दुकानदार कुरकुरला तरी बाटली उलटी करून पाहावी.